बगळ्यांचं बेट आणि उसाचं पाचट



पाचट म्हणजे काय, हे आपल्यातल्या कुणाला सांगायला नको. ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, गाडी कारखान्याकडे गेली, की रानात जे मागं उरतं ते पाचट. कुणी पेटवून देतं, कुणी सरीत कुजवतं, कुणी गोठ्याच्या छपरावर टाकतं. आमच्यातल्या दोघीतिघींनी तर ऊसतोडीला जाऊन पाचटानं हात कापून घेतलेले आहेत. तर हेच पाचट समुद्रातलं तेल अडवायला वापरलं, असं आम्ही वाचलं तेव्हा आधी खरंच वाटेना.

गोष्ट २०२० सालच्या ऑगस्टमधली. आपण इकडे करोनाच्या धास्तीनं दारं लावून बसलो होतो. तिकडे हिंदी महासागरात, आफ्रिकेच्या पूर्वेला, मॉरिशस नावाचं बेट आहे. आपल्याकडचे दोन-तीन तालुके एकत्र केले तर होईल एवढंच. त्याच्या आग्नेय किनाऱ्याशी २५ जुलैला एक अवाढव्य मालवाहू जहाज प्रवाळाच्या कड्यावर चढून रुतलं. वाकाशिओ त्याचं नाव. जहाजात माल नव्हता, पण त्याचं स्वतःचं इंधन होतं, सुमारे चार हजार टन. बारा दिवस जहाज लाटांचे तडाखे खात तसंच पडून होतं. ६ ऑगस्टला त्याला भेग गेली आणि काळं, दाट तेल उथळ पाण्यात उतरू लागलं. एकूण हजार टनांच्या आसपास तेल सांडलं.

सरकारनं सांगितलं, हे काम जाणकारांवर सोडा, तुम्ही लांब राहा. लोकांनी ऐकलं नाही. माएबूर नावाचं गाव आहे तिथल्या किनाऱ्यावर, तिथं बायका, पोरं, कोळी, मास्तर, सगळे जमले. तिकडचा गाळपाचा हंगाम जूनपासून डिसेंबरपर्यंत चालतो, म्हणजे ऑगस्टात रानारानांत पाचट पडलेलं. ते ट्रक भरभरून आणलं. कापडाच्या लांब पिशव्या शिवल्या, त्यांत पाचट कोंबलं, तरंगावं म्हणून रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या बांधल्या. आपल्या बैठकीतल्या लोडासारखे, पण कितीतरी लांब असे तरंगते बांध तयार झाले. केसही तेल धरून ठेवतात म्हणून काहींनी डोक्याचे केस कापून दिले. काही केशकर्तनालयांनी त्यासाठी पैसे घेतले नाहीत. असे लोड होड्यांनी ओढत नेऊन तेलाच्या वाटेवर आडवे टाकले.

त्या वाटेवर एक लहानसं बेट होतं. फ्रेंच भाषेत त्याचं नाव ‘ईल ओ एग्रेत’, म्हणजे बगळ्यांचं बेट. सव्वीस हेक्टर, आपल्या मापानं चौसष्ट एकर. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या घराण्याचं शेत याहून मोठं असेल. पण मॉरिशसच्या किनाऱ्यावर एकेकाळी जे रान होतं, त्याचा धडपणे उरलेला जवळजवळ शेवटचा तुकडा या चौसष्ट एकरांत आहे. तो तुकडा उरला कसा, आणि बाकीचं रान गेलं कुठं, हे आज आपण बघणार आहोत. त्यात आपली माणसंही येतात.

मॉरिशसवर माणूस कायमचा राहायला आला त्याला अजून चारशे वर्षंही झालेली नाहीत. त्याआधी तिथं कुणी रहिवासी नव्हते. वाघ नाही, कोल्हा नाही, उंदीरसुद्धा नाही. सस्तन प्राणी म्हणावं तर फक्त वटवाघळं. त्यामुळे तिथल्या जिवांना घाबरायची सवयच नव्हती. पक्षी खुशाल जमिनीवर अंडी घालत. मोठमोठी कासवं गवत आणि पडलेली फळं खात हिंडत. डोडो नावाचा उडता न येणारा पक्षी तिथलाच. पोरांच्या पुस्तकात त्याचं चित्र असतं, तोच.

१५९८ साली डच खलाशी उतरले, १६३८ पासून त्यांनी वस्ती केली. त्यांना हवं होतं तिथलं काळं लाकूड, आबनूस. ही झाडं आपल्या टेंभुर्णीच्या कुळातली, म्हणजे ज्या तेंदूपत्त्याच्या विड्या वळतात त्याच्या नात्यातली. गाभा कोळशासारखा काळा आणि कठीण. युरोपात त्याच्या सामानाला मोठी किंमत येई. म्हातारी झाडं तोडून जहाजात भरली गेली. कासवं तर जिवंतच भरत, कारण ती कितीतरी दिवस अन्नपाण्याशिवाय तग धरत आणि खलाशांना ताजं मांस मिळे. जहाजांबरोबर उंदीर, डुकरं, बकऱ्या, माकडं आणि जावाची हरणं आली. त्यांनी अंडी खाल्ली, रोपं खाल्ली. डोडो जिवंत पाहिल्याची शेवटची पक्की मानली जाणारी नोंद १६६२ ची आहे. म्हणजे डच आल्यापासून सत्तर वर्षंही तो टिकला नाही. आपली आजी जितकं जगते तेवढंच.

डच १७१० ला बेट सोडून गेले आणि पाचेक वर्षांत फ्रेंच आले. त्यांच्यात प्येर प्वाव्र नावाचा एक कारभारी होता. त्यानं १७६९ मध्ये नियम केला, की ज्याला जमीन मिळेल त्यानं तिचा चौथा हिस्सा झाडांखाली ठेवलाच पाहिजे. झाडं गेली की पाऊस आटतो, झरे आटतात, असं त्याचं म्हणणं. अडीचशे वर्षांपूर्वी! आम्हाला याचं फार नवल वाटलं. पण नियम कागदावर असतो आणि उसाला भाव असतो. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं, आणि १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरचा जास्तीचा कर इंग्लंडनं उठवला. तिथून पुढं जो तो रान साफ करून ऊस लावायला धावला.

रान साफ करणार कोण? आधी गुलाम होते, आफ्रिकेतून आणि मादागास्करहून धरून आणलेले. १८३५ मध्ये मॉरिशसवर गुलामगिरी बंद झाली. मळेवाल्यांनी त्याआधीच दुसरी सोय पाहून ठेवली होती. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले जाऊ लागले. सुमारे साडेचार लाख माणसं गेली. कलकत्ता, मद्रास आणि आपलं मुंबई, ही तीन बंदरं. मुंबईहून जी गेली त्यांत कोकणातली, रत्नागिरीकडची मराठी माणसं बरीच होती. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायची, असाही रिवाज होता. पहिल्या जहाजांतून बहुतेक पुरुषच गेले. पुढं सरकारनं ठरवून दिलं की बायकांचंही अमुक एक प्रमाण पाहिजे, तेव्हा बायका वाढल्या.

मॉरिशस हे ज्वालामुखीचं बेट, जमिनीत काळे धोंडे खच्चून भरलेले. ते हातांनी उपसून बांधावर रचावे लागत. उसाच्या रानांत तेव्हा रचलेले दगडांचे मोठमोठे ढीग अजून उभे आहेत. जहाजातून उतरल्यावर ज्या पायऱ्या चढून ही माणसं वर येत, त्या जागेला आज आप्रवासी घाट म्हणतात. २००६ पासून ती जागतिक वारसा आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. मजूर यायला लागले तेव्हा बेटावर रान बरंच उरलेलं होतं. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत ते झपाट्यानं उतरलं. पुस्तकांत कुठं कुठं असं लिहिलेलं सापडतं, की लोकवस्ती वाढली म्हणून जंगल गेलं. आम्हाला हे पटत नाही. कुऱ्हाड आपल्या माणसांच्या हातात होती हे खरं, पण कोणतं रान तोडायचं हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि साखरेचे पैसे त्यांच्या हातात पडले नव्हते. उलट भोगलं त्यांनीच. १८६६ ते १८६८ या काळात बेटावर हिवतापाची भयंकर साथ आली आणि हजारो माणसं मेली. ज्यांच्याकडे पैसा होता ते उंचावरच्या थंड गावांत राहायला गेले. मजूर मळ्यावरच राहिले. त्यानंतर सरकारला जाग आली आणि डोंगरावरची, नदीकाठची झाडं राखायचे कायदे झाले. तोवर सपाटीवरचं रान संपलं होतं. आज मॉरिशसवर चांगल्या अवस्थेतलं मूळचं रान शंभरात दोन हिस्सेसुद्धा उरलेलं नाही.

त्या मराठी माणसांची पतवंडं अजून तिथं आहेत. गणेशचतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते. हे ऐकून आमच्या गटात सगळ्यांना फार बरं वाटलं. पण आपल्याकडून फक्त माणसं आणि गणपतीच गेले नाहीत, आणखीही काही गेलं, आणि ते ऐकून तेवढं बरं वाटणार नाही.

उसावर टोळ पडायचे म्हणून १७६० च्या सुमाराला हिंदुस्थानातून साळुंक्या नेऊन सोडल्या. १८९९ मध्ये बेटावर प्लेग पोचला, तेव्हा उंदीर मारायला म्हणून १९०० मध्ये मुंगसं नेली. आपण मुंगूस दिसलं तर शुभ मानतो. तिथं मुंगसानं उंदीर खाल्लेच, पण पक्ष्यांनाही सोडलं नाही. आपली चिचुंद्री जहाजाच्या मालातून लपत गेली. बागेत शोभेला नेलेली माधवलता जंगलात घुसली आणि झाडांच्या शेंड्यापर्यंत चढून त्यांना गुदमरवू लागली. आपल्याकडे ही वेल कुणाला त्रास देत नाही, कारण इथं तिला खाणारे किडे आहेत, तिच्याशी झुंजणारी झाडं आहेत. जागा बदलली की स्वभाव बदलतो. आपल्या रानात घाणेरी माजली आहे ना, ती अशीच परदेशातून आलेली. ती मॉरिशसवरही आहे.

सगळ्यात दांडगा निघाला तो दक्षिण अमेरिकेतला एक लहान लाल पेरू. तिथले लोक त्याला चिनी पेरू म्हणतात. त्याची इतकी दाटी होते की खाली दुसरं काही उगवत नाही. आणि काढावा तरी पंचाईत, कारण लोकांना तो आवडतो. हंगामात घरंच्या घरं डोंगरावर पेरू तोडायला जातात, मीठ-मिरची लावून खातात. शत्रू गोड असला म्हणजे असं होतं.

या सगळ्यातून जी मूळची झाडं उरली त्यांची काय गत झाली, त्याची दोनच उदाहरणं सांगतो आणि मग बगळ्यांच्या बेटाकडे वळतो.

क्यूरपिप नावाच्या गावातल्या बागेत एक ताडाच्या जातीचं झाड आहे. साऱ्या जगात त्या जातीचं ते एकच. त्याला फुलं येतात, पण आधी नर फुलं उमलून जातात आणि नंतर मादी फुलं उघडतात, म्हणून फळ धरणं फार कठीण. कधी बी मिळालं तर ते नेहमीसारखं रुजत नाही. प्रयोगशाळेत त्याच्यातला कोंब काढून वाढवायचे प्रयत्न झाले, पण ती रोपं बाहेरच्या मातीत जगली नाहीत. झाड म्हातारं झालं आहे. भोवती कुंपण आहे, पाटी आहे, लोक येऊन फोटो काढतात. त्या झाडासाठी याहून फारसं काही करता येत नाही.

दुसरं झाड रॉड्रिग्जचं. हे मॉरिशसच्याच राज्यातलं, पण समुद्रात पूर्वेला सहाशे किलोमीटरच्या आसपास लांब असलेलं आणखी छोटं बेट. तिथलं ‘काफे मारों’ नावाचं, कॉफीच्या नात्यातलं पांढऱ्या फुलांचं झुडूप कायमचं गेलं असं सगळ्यांनी धरलं होतं. १९८० च्या सुमाराला एका शिक्षकानं वर्गात जुन्या झाडांची चित्रं दाखवली, आणि एक मुलगा म्हणाला, हे तर आमच्या घराजवळ आहे. ते होतंच! पण बातमी पसरली आणि वेगळंच संकट आलं. लोक त्याला औषधी मानत. जो तो येऊन फांदी तोडून नेऊ लागला. एक कुंपण घातलं, ते ओलांडलं. दुसरं घातलं, तेही ओलांडलं. आम्हाला त्या लोकांना नावं ठेवता येत नाहीत. अमक्या झाडाचा पाला सांधेदुखीवर चालतो असं कळलं की आपण काय करतो ते आपल्याला माहीत आहे. शेवटी १९८६ मध्ये त्याच्या काही फांद्या विमानानं लंडनच्या क्यू बागेत पाठवल्या. तिथं फांदीला मुळं फुटली, झाडं झाली, फुलं आली, पण बी धरेना. पंधरा-सोळा वर्षं असंच गेलं. मग बागेतल्या एका माळ्यानं फुलाच्या मधल्या दांडीचा शेंडा कापून त्या कापावर पराग लावून पाहिला. पुष्कळदा करून पाहिल्यावर फळ धरलं. त्या बियांची रोपं पुढं रॉड्रिग्जला परत गेली.

एका झाडाची फांदी वेळेत दुसऱ्या मातीत रुजली, दुसऱ्याचं बी रुजवायला उशीर झाला. फरक एवढाच. बगळ्यांच्या बेटाचं महत्त्व इथं आहे. तिथं एकदोन झाडं नाहीत, अख्खं रान आहे, आणि ते बी धरतं.

हे बेट मुळात वाचलं ते कुणाच्या पुण्याईनं नाही. ते प्रवाळाच्या खडकाचं आहे, माती जेमतेम, गोडं पाणी नाही. तिथं ऊस झालाच नसता. म्हणून मळेवाल्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. तरी बाकीचे हात लागलेच. बकऱ्या चरल्या. सरपणासाठी, चुन्याच्या भट्टीसाठी लाकूड तुटलं. भट्टीचे अवशेष अजून दिसतात. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेनं तिथं तोफा बसवल्या, त्यासाठीही जागा मोकळी केली. १९६५ मध्ये बेट राखीव म्हणून जाहीर झालं, म्हणजे कागदावर नाव चढलं. उंदीर, रानमांजरं आणि तण कागद वाचत नाहीत.

खरं काम सुरू झालं १९८० नंतर. जेराल्ड डरेल नावाचे प्राणिप्रेमी इंग्रज लेखक १९७६ पासून मॉरिशसला येत होते. त्यांच्या आणि कार्ल जोन्स या तरुण शास्त्रज्ञाच्या पुढाकारानं १९८४ मध्ये एक संस्था उभी राहिली. आज तिला मॉरिशन वाइल्डलाइफ फाउंडेशन म्हणतात. सरकारकडून तिनं हे बेट सांभाळायला घेतलं.

आणि काम काय केलं? मैत्रिणींनो, खुरपणी केली. आम्ही मोठ्या उत्सुकतेनं वाचत होतो, काहीतरी यंत्रंबिंत्रं असतील असं वाटत होतं. तर बेटाचे तुकडे पाडले आणि एकेका तुकड्यातलं तण हातानं उपटलं, तोडलं, बुंधे मारले. त्या तणात मुख्य कोण होतं? सुबाभूळ! आपल्याकडे चाऱ्याला आणि सरपणाला मिळेल म्हणून ती बांधाबांधावर लावली, शेळ्या तिच्यावर पोसल्या. तिथं तिनं आबनुसाची रोपं झाकून टाकली होती. एकदम सगळं मोकळं केलं तर ऊन पडून तण दुपटीनं उठतं, हे कुठल्याही खुरपणाऱ्या बाईला ठाऊक आहे. म्हणून थोडं थोडं काढायचं, लगेच तिथं मूळच्या झाडांची रोपं लावायची, आणि पुन्हा फिरून तेच तुकडे बेणायचे. बेटावरच रोपवाटिका केली. बिया गोळा करणं, पिशव्या भरणं, पाणी घालणं, रोपाला थोडं थोडं ऊन दाखवून ते कणखर करणं. त्या देशाच्या निसर्गाचा इतिहास लिहिणारे शास्त्रज्ञांची नावं घेतात, आणि ती घ्यायलाच हवीत. पण रोज सकाळी होडीतून जाऊन वाकून तण काढणाऱ्या माणसांची नावं आम्हाला कुठं सापडली नाहीत. आपल्या खुरपणीचीही कुठं नोंद होत नाही, म्हणून हे जास्त खुपलं.

१९९१ मध्ये विषारी आमिषं ठेवून बेटावरचे सगळे उंदीर संपवले. बिया आणि अंडी वाचू लागली. मग पक्षी आणता आले. मॉरिशसचा गुलाबी पारवा तेव्हा अगदी शेवटाला आला होता. १९९० च्या सुमाराला रानात दहाच्या आसपास उरले होते. पिंजऱ्यात पिल्लं वाढवून त्यातली काही १९९४ मध्ये बगळ्यांच्या बेटावर सोडली. आज सगळ्या मॉरिशसवर मिळून ते चारशेच्या वर आहेत. त्यांना अजून दाणा ठेवावा लागतो, कारण पोटभर फळं देईल एवढं रानच उरलेलं नाही.

आबनुसाचं कोडं वेगळं होतं. झाडांना फळं येत, ती खाली पडत आणि तिथंच आईच्या सावलीत सडत. लांब जाणारच कशी? पूर्वी ती नेण्याचं काम कासवं करत, आणि कासवं तर खलाशांनी संपवलेली. तेव्हा २००० मध्ये सेशेल्स देशातल्या अल्डाब्रा बेटावरच्या जातीची मोठी कासवं आणली. ही मॉरिशसची नव्हेत, चुलत घराण्यातली म्हणा. काही जाणकारांना धास्ती होती, की बाहेरच्या प्राण्यांनी एवढं वाटोळं केल्यावर पुन्हा बाहेरचाच प्राणी आणायचा? धास्ती रास्त होती. म्हणून आधी त्यांना कुंपणात ठेवून पाहिलं, आणि मग मोकळं सोडलं. कासवांनी आबनुसाची फळं खाल्ली, बेटभर हिंडली आणि शेणातून बिया पेरल्या. पोटातून गेलेलं बी जास्त चांगलं रुजतं असंही अभ्यासातून दिसलं. जिथं पूर्वी आबनूस तोडून रान उघडं पडलं होतं, तिथं त्याची रोपं उभी राहू लागली.

सगळंच साधलं असं नाही. १९९९ मध्ये चिचुंद्र्या पकडून संपवायचा मोठा प्रयत्न झाला, तो फसला. आपली चिचुंद्री फार चिवट. दुसऱ्या बेटावरून आणलेल्या दुर्मीळ सरड्यांची पिल्लं ती खाते, म्हणून तिच्यावर राग आहे, पण ती अजून तिथं आहे.

तीसपस्तीस वर्षांच्या या कष्टानंतर २०२० चा ऑगस्ट आला आणि तेल बेटाकडे सरकू लागलं.

तेव्हा दोन कामं एकदम चालली होती. किनाऱ्यावर पाचटाचे लोड शिवले जात होते, आणि बेटावरून रोपवाटिकेतली हजारो रोपं होड्यांत भरून मॉरिशसला हलवली जात होती. घराला आग लागली की आपण आधी काय उचलतो? पोरं. त्यांनी रोपं उचलली. काही छोटे दुर्मीळ पक्षी पिंजऱ्यांत घालून आणले. जवळच्या लहान बेटांवरचे सरडे आणि पाली पकडून सुरक्षित जागी नेल्या. त्यातल्या काहींचा वंश राहावा म्हणून त्यांना पुढं इंग्लंडजवळच्या जर्सी बेटावर, डरेल यांनी काढलेल्या प्राणिसंग्रहालयात पाठवलं. आपल्या देशातूनही विमानानं तटरक्षक दलाची माणसं आणि तेल काढायची तीस टन सामग्री गेली. १५ ऑगस्टला जहाजाचे दोन तुकडे झाले. तोवर टाक्यांतलं बरंचसं उरलेलं तेल उपसून काढलं होतं.

बेटाच्या कडेला तेल लागलंच, काळे पट्टे उमटले. आतलं रान वाचलं.

ज्या उसासाठी त्या किनाऱ्यावरचं रान गेलं, त्याच उसाचं पाचट शेवटच्या तुकड्याच्या आड उभं राहिलं. गटात हे वाचून झाल्यावर आमच्यातली एक वयस्कर बाई म्हणाली, “पाचट शिवणाऱ्या त्या पोरींच्या खापरपणज्यांनी तिथले धोंडे उपसले असतील की गं.” सगळ्यांच्या नसतील. माएबूरच्या किनाऱ्यावर गुलामांच्या वंशातले होते, हिंदुस्थानी मजुरांच्या वंशातले होते, चिनी होते, सगळेच होते. पण काहींच्या नक्की असतील.

ते लोड नंतर तेल पिऊन जड झाले. ते ओढून काढून धोक्याचा कचरा म्हणून वेगळे गोळा करावे लागले. प्रवाळाला, खारफुटीला काय झालं याची मोजणी पुढं कितीतरी दिवस चालली. बेटावरचा आबनूस फार हळू वाढतो. कासवांनी पेरलेल्या रोपांचं रान व्हायला आपल्या नातवंडांचंही आयुष्य पुरणार नाही. सुबाभूळ मात्र एका पावसात गुडघ्याएवढी होते, आणि तिचं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं. त्यामुळे बगळ्यांच्या बेटावरची खुरपणी अजून थांबलेली नाही.